उत्तरेकडचे बदलीचे गाव

बँकेच्या नोकरीत ‘बदली’ हा शब्द उच्चारला, की घरातील मंडळींच्या चेहऱ्यांवर कोणते भाव उमटतात, हे आपल्या परिवारातील कोणालाही निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. सामानाची बांधाबांध, मुलांच्या शाळा, नव्या गावची भाषा, नवे हवामान! महाराष्ट्रातून बंगळूरला आलेल्या अधिकाऱ्याला येथील सौम्य हवा पहिल्या आठवड्यातच आपलेसे करते. कन्नड आत्मसात करायला मात्र अंमळ अधिक वेळ लागतो. परंतु पृथ्वीच्या पाठीवर एक गाव असेही आहे, की जेथील जवळजवळ प्रत्येक रहिवासी बदलीवरच आलेला असतो. तेथे मूळचा असा कोणीच नाही. तेथे सहसा कोणी जन्माला येत नाही, म्हातारपण काढायला कोणी थांबत नाही, आणि मृत्यूनंतर मातीही त्या गावची मिळत नाही.

या गावाचे नाव लाँगइयरब्येन. उत्तर ध्रुवाच्या अलीकडे, ७८ अंश उत्तर अक्षांशाच्याही पुढे, स्वालबार्ड नावाचा नॉर्वेच्या अधिपत्याखालील द्वीपसमूह आहे; त्यातील स्पिट्सबर्गेन या सर्वांत मोठ्या बेटावर हे गाव वसले आहे. द्वीपसमूहाचे क्षेत्रफळ सुमारे ६१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे ढोबळमानाने महाराष्ट्राच्या एक पंचमांश. त्यातील निम्म्याहून अधिक भूभाग हिमनद्यांनी झाकलेला. एवढ्या प्रदेशात सगळी मिळून माणसे तीन हजारांच्या आतबाहेर, आणि त्यातली बहुतेक एकट्या लाँगइयरब्येनमध्ये. आपल्या एखाद्या मध्यम शाखेची खातेदारसंख्या याहून कितीतरी मोठी असते!

या दूरच्या बेटाचा आपल्याशी काय संबंध, असे वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. संबंध आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा जुना आहे. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिस येथे स्वालबार्डविषयीचा करार झाला. त्यावर स्वाक्षऱ्या करणाऱ्यांत ब्रिटिश साम्राज्याचा घटक म्हणून हिंदुस्थानचेही नाव होते. या कराराने बेटांचे सार्वभौमत्व नॉर्वेकडे गेले. मात्र करारातील सर्व देशांच्या नागरिकांना तेथे राहण्याचा, व्यवसाय करण्याचा समान हक्क मिळाला, आणि बेटांचा युद्धासाठी वापर करण्यास मनाई झाली. जवळजवळ नऊ दशकांनी, १ जुलै २००८ रोजी, भारताने या बेटावर ‘हिमाद्री’ हे आपले संशोधन केंद्र सुरू केले. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र त्याचा कारभार पाहते. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी आर्क्टिक मोहीम निघाली, तेव्हा तिच्या पहिल्या तुकडीत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेबरोबर बंगळूरच्या सदाशिवनगरातील रामन संशोधन संस्थाही होती. मेखरी सर्कलच्या वाहतुकीत रोज अडकणाऱ्या आम्हा मंडळींच्या अगदी शेजारून कोणी ध्रुवप्रदेशातल्या काळोखात जाऊन आले, ही गोष्ट कौतुकाची खरीच. ते तेथे कशासाठी गेले, हे पुढे येईलच.

कोळशाने वसविलेले गाव

सन १५९६ मध्ये डच दर्यावर्दी विलेम बॅरेंट्स याने ही बेटे पाहिली. त्यामागोमाग देवमाशांची शिकार करणारे आले. सतराव्या शतकात त्यांनी किनाऱ्यावर चरबी वितळविण्याच्या भट्ट्या पेटविल्या आणि त्या परिसरातील देवमासे जवळजवळ संपवून ते निघून गेले. नंतर रशियन व नॉर्वेजियन फासेपारधी आले. कोणीही कायमचे राहायला आले नव्हते.

गाव वसले ते कोळशामुळे. जॉन मन्रो लाँगइयर या अमेरिकन उद्योजकाने १९०६ मध्ये येथे खाणकाम सुरू केले, त्याचेच नाव गावाला लाभले. (‘ब्येन’ म्हणजे नॉर्वेजियन भाषेत ‘ते शहर’; आपल्याकडचे ‘पूर’ किंवा ‘नगर’च म्हणा ना!) १९१६ मध्ये ही मालमत्ता एका नॉर्वेजियन खाण कंपनीकडे गेली, आणि पुढे कित्येक दशके घरे कंपनीची, दुकान कंपनीचे, असा मामला होता. खाणीतून आलेल्या कामगारांच्या बुटांना कोळशाची काजळी लागलेली असे, म्हणून दाराशी बूट काढून आत जाण्याची प्रथा पडली. ती आजही कायम आहे. हॉटेलात, संग्रहालयात पाहुणे मोज्यांनिशी वावरतात. उंबऱ्याबाहेर पादत्राणे काढणाऱ्या आपल्या घरांना यात नवल वाटायचे कारण नाही. युरोपातील पाहुण्यांना मात्र हे सांगावे लागते.

तो कोळसा आता संपला आहे, निदान हिशेबाच्या वहीत तरी. गावाचे कोळशावरचे वीजकेंद्र ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद होऊन डिझेलवर वीजनिर्मिती सुरू झाली आणि २०२५ च्या जूनअखेर ‘सात नंबर’ची शेवटची नॉर्वेजियन खाणही बंद झाली. आता गाव चालते ते पर्यटन, संशोधन व उच्च शिक्षण यांवर. ज्या कामासाठी गाव वसले ते कामच उरले नाही, तरी गाव उरले आहे.

राहण्याच्या अटी

येथे राहायला व्हिसा लागत नाही. कोणत्याही देशाच्या नागरिकाने यावे, काम शोधावे, राहावे. (भारतीयांना वाटेत नॉर्वेच्या मुख्य भूमीवर उतरावे लागते, म्हणून शेंगेन व्हिसा चुकत नाही, हा भाग वेगळा.) या मोकळीकीमुळे गावात पन्नासच्या आसपास देशांची माणसे आहेत, नॉर्वेजियनांच्या खालोखाल थायलंड आणि फिलिपिन्समधून आलेल्यांची संख्या मोठी. आयकराचा दर नॉर्वेच्या मुख्य भूमीच्या मानाने बराच कमी, मूल्यवर्धित कर नाही. एवढे वाचून आमच्या काही सहकाऱ्यांच्या मनात ‘ऐच्छिक बदली’चा विचार डोकावला असेल, तर त्यांनी पुढच्या ओळीही वाचाव्यात.

राहण्याची अट एकच, पण ती कठोर आहे: स्वतःचा भार स्वतः उचलावा. वृद्धाश्रम नाही, नॉर्वेच्या मुख्य भूमीवर मिळणारी सामाजिक मदत नाही. जो स्वतःचा निर्वाह करू शकत नाही, त्याला परत पाठविण्याचा अधिकार गव्हर्नरला आहे. घरे बहुतांशी नोकरी देणाऱ्यांच्या मालकीची. नोकरी गेली की घर गेले. बँकेच्या क्वार्टर्समध्ये आयुष्य काढलेल्यांना निवृत्तीच्या महिन्यातली घालमेल ठाऊक असते. येथे ती घालमेल वर्षभर आणि प्रत्येकाच्या घरी.

प्रसूतीची सोय नसल्याने गर्भवती स्त्रियांना साधारण तीन आठवडे आधी मुख्य भूमीवर जावे लागते. मृत्यूबद्दल तर ‘या गावात मरायला कायद्याने बंदी आहे’ अशी दंतकथाच प्रचलित आहे. असा कायदा अर्थातच नाही, आणि असता तरी तो पाळला कोणी असता? खरी गोष्ट अशी, की येथील जमीन बारमाही गोठलेली असते. वरचा थर उन्हाळ्यात विरघळतो, हिवाळ्यात पुन्हा गोठून फुगतो, आणि पुरलेली शवपेटी हळूहळू वर ढकलली जाते. म्हणून गेली सुमारे सत्तर वर्षे येथे शवपेटीचे दफन होत नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत दगावलेल्या सात तरुण कामगारांच्या कबरी मात्र येथेच आहेत. त्या विषाणूचा अवशेष मिळतो का, हे पाहण्यासाठी १९९८ मध्ये संशोधकांनी त्या उकरल्या होत्या.

मांजर पाळायला बंदी आहे, पक्ष्यांच्या घरट्यांसाठी. झाड एकही नाही. रस्ते जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटरचे. एका वस्तीतून दुसरीत रस्त्याने जाताच येत नाही. हिवाळ्यात स्नोस्कूटर, उन्हाळ्यात बोट. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साधारण २०० मिलिमीटर, म्हणजे बंगळूरच्या एक पंचमांशाच्या आसपास. इतक्या बर्फाच्या देशाला शास्त्रीय भाषेत शीत वाळवंट म्हणतात!

आणि मग ती रात्र. ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. त्यातही नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत भर दुपारीदेखील नागरी संधिप्रकाश नसतो. मराठी वाचकाला येथे लोकमान्य टिळकांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०३ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाला. ऋग्वेदातील उषेची वर्णने एका दिवसाच्या नव्हे, तर ध्रुवप्रदेशातील अनेक दिवस चालणाऱ्या दीर्घ उषेची आहेत, असा त्यांचा दावा होता. आर्यांच्या मूलस्थानाचा त्यांचा सिद्धान्त आजचे अभ्यासक स्वीकारीत नाहीत. तरीही ध्रुवप्रदेशाच्या वाऱ्यालाही न गेलेल्या माणसाने ज्योतिषाच्या आधारे त्या रात्रीचे आणि त्या उषेचे जे चित्र मनात उभे केले, ते थक्क करणारे आहे. फेब्रुवारीत लाँगइयरब्येनच्या आकाशात रोज थोडा थोडा वाढत जाणारा निळा, मग गुलाबी उजेड आठवडेच्या आठवडे टिकतो. सूर्य मात्र दिसत नाही. सूर्य क्षितिजावर आल्यानंतरही डोंगराआड असतो. गावात त्याचे पहिले किरण पोहोचतात ८ मार्चच्या सुमारास. त्या दिवशी जुन्या रुग्णालयाच्या पायऱ्यांपाशी सारा गाव गोळा होतो, पोरे गालांवर पिवळे सूर्य रंगवून येतात आणि सगळे मिळून सूर्याला हाका मारतात. रुग्णालय केव्हाच नाहीसे झाले. पायऱ्या तेवढ्या त्या दिवसासाठी जपल्या आहेत. त्यानंतर एप्रिलच्या विशीपासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. तेव्हा जाड पडदे लावून रात्र करावी लागते.

अस्वल, रेनडिअर आणि बँक

वस्तीची सीमा संपते तेथे अस्वलाच्या चित्राचा त्रिकोणी फलक आहे. त्यापुढे जाणाऱ्याने अस्वलाला पळवून लावण्याचे साधन बरोबर ठेवणे बंधनकारक आहे, आणि बहुतेक जण रायफलही नेतात. त्यामुळे दुकानात दूध आणायला आलेल्या गृहिणीच्या खांद्यावर रायफल दिसली तरी कोणी वळून पाहत नाही. दुकानांच्या दारांवर शस्त्र आत न आणण्याची सूचना असते; बँकेच्या दारावर तर ती हवीच! गावात बँकेची एकच शाखा. २१ डिसेंबर २०१८ रोजी एक परदेशी तरुण रायफल घेऊन त्या शाखेत शिरला आणि ७०,००० क्रोनर घेऊन बाहेर पडला. स्वालबार्डच्या इतिहासातील हा पहिला बँकदरोडा. डिसेंबरचा काळोख, भोवती बर्फ, बाहेर पडण्याची वाट एकच ती विमानतळावरची. तो थोड्याच वेळात पकडला गेला आणि पुढे त्याला तुरुंगवास झाला. हसू येते खरे. पण बंदुकीसमोर उभ्या राहिलेल्या त्या कर्मचाऱ्यांचा तो दिवस कसा गेला असेल, हे काउंटरवर बसणाऱ्यांनाच कळेल.

ध्रुवीय अस्वलांच्या शिकारीवर १९७३ पासून बंदी आहे. बॅरेंट्स समुद्राच्या सबंध परिसरात त्यांची संख्या तीन हजारांच्या घरात मानली जाते; पैकी सुमारे तीनशे स्वालबार्डच्या बेटांभोवतीच राहतात. १९७१ पासून येथे सहा माणसे अस्वलाच्या हल्ल्यात दगावली; शेवटची घटना ऑगस्ट २०२० मधली, विमानतळाजवळच्या तंबूतळावरची. भय खरे आहे, परंतु दोन्ही बाजूंनी. समुद्रावरचा बर्फ हा अस्वलाचा शेतमळा. त्यावर उभे राहून ते सील मारते. तो बर्फ आता उशिरा येतो आणि लवकर जातो. अशा वेळी अस्वले पक्ष्यांच्या वसाहतींत शिरून अंडी फस्त करताना आणि रेनडिअरची शिकार करतानाही आढळली आहेत. त्यातच त्यांना पाहायला येणाऱ्या बोटींची गर्दी. म्हणून २०२५ च्या आरंभापासून अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि मार्च ते जून या काळात ५०० मीटर दूर राहण्याचा नियम लागू झाला आहे.

माझ्या मते या बेटाचा खरा रहिवासी अस्वल नव्हे, रेनडिअर. आखूड पायांचे, ठेंगणे, दाट केसांचे हे जनावर काही हजार वर्षांपूर्वी गोठलेल्या समुद्रावरून चालत येथे आले आणि येथलेच झाले. शिकारीमुळे ते नष्ट होण्याच्या काठावर होते, तेव्हा १९२५ मध्ये त्याला संरक्षण मिळाले. आज त्यांची संख्या वीस हजारांच्या पुढे आहे. गावातल्या घरांमधून ते निवांत चरताना दिसते. उन्हाळ्यात साठविलेल्या चरबीवर आणि बर्फ खुरांनी उकरून मिळणाऱ्या खुरट्या गवतावर ते हिवाळा काढते. त्याचा शत्रू थंडी नाही; हिवाळ्यात पडणारा पाऊस आहे. पावसाचे पाणी बर्फावर गोठले की जमिनीवर काचेसारखा कडक थर बसतो, आणि खालचे गवत डोळ्यांसमोर असूनही तोंडाला लागत नाही. अशा वर्षी रेनडिअर समुद्रकिनारी उतरून चक्क शेवाळ खातात.

पक्ष्यांपैकी हिवाळाभर जमिनीवर तग धरणारा एकच, हिमतित्तिर. बाकी सारे पाहुणे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून हंसांच्या जातीची बदके येतात, कड्यांवर लाखोंच्या संख्येने छोटे ऑक पक्षी येतात, आणि अंटार्क्टिकापासून उडत उडत ध्रुवीय सुरय येतो. मूठभर वजनाचा हा पक्षी आपल्या घरट्याजवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर चोच मारल्याशिवाय सोडत नाही. म्हणून जाणकार मंडळी हातात काठी उंच धरून चालतात. तो त्या काठीच्या टोकाशी भांडतो!

न मोडलेली ठेव

लाँगइयरब्येनजवळच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे १३० मीटर उंचीवर, २६ फेब्रुवारी २००८ रोजी जागतिक बियाणे कोठार सुरू झाले. बँकेच्या माणसाने यावर दोन शब्द अधिक लिहिले तर वाचक क्षमा करतील, कारण या कोठाराचे नियम थेट आपल्या सेफ डिपॉझिट लॉकरचे आहेत. देशोदेशीच्या बियाणे-संस्था आपल्या वाणांचे नमुने मोहोरबंद पेट्यांतून येथे पाठवितात. पेटी ज्याची, मालकी त्याचीच. नॉर्वे सरकार ती उघडत नाही, दुसऱ्या कोणाला देत नाही आणि ठेवण्याचे शुल्कही घेत नाही. तापमान उणे १८ अंश. क्षमता ४५ लाख नमुन्यांची. आतापर्यंत तेरा लाखांहून अधिक जमा झाले आहेत. हैदराबादजवळील पाटणचेरूच्या ‘इक्रिसॅट’ या संस्थेने ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमूग यांच्या आपल्या संग्रहाची दुसरी प्रत मोठ्या प्रमाणावर येथे ठेवली आहे. आपल्या सोलापूर-विजापूरकडच्या शेतांतली ज्वारी, तिचे भाऊबंद त्या ध्रुवीय डोंगरात निजलेले आहेत, ही कल्पनाच विलक्षण वाटते.

ठेव ठेवणारे पुष्कळ, मोडणारा मात्र तोवर कोणी नव्हता. ती वेळ २०१५ मध्ये आली. सीरियातील अलेप्पोनजीकचे ‘इकार्डा’ या संस्थेचे बियाणे-केंद्र यादवी युद्धामुळे वापरता येईनासे झाले. गहू, जव, मसूर, हरभरा यांचे कोरडवाहू प्रदेशांतले दुर्मीळ वाण त्या केंद्रात होते. सुदैवाने त्यांच्या प्रती स्वालबार्डला पोहोचलेल्या होत्या. संस्थेने पहिल्या खेपेला सुमारे ३८,००० नमुने परत मागविले, लेबनॉन आणि मोरोक्कोच्या शेतांत ते पेरले, नवे बियाणे तयार केले आणि २०१७ पासून ते पुन्हा कोठारात आणून भरायला सुरुवात केली. ठेव काढावी, तीवर संसार उभा करावा आणि मूळ रक्कम पुन्हा जमा करावी, असे ठेवीदार आपल्यालाही विरळाच भेटतात.

या कोठाराची सारी भिस्त जमीन गोठलेली राहण्यावर होती. वीज गेली तरी डोंगर स्वतःच थंडी राखील, हा हिशेब. २०१६ च्या ऑक्टोबरात, जेव्हा बर्फ पडावयाचा तेव्हा, तेथे मुसळधार पाऊस झाला आणि पाणी प्रवेशाच्या बोगद्यात शिरून गोठले. बियाण्यांना काहीही इजा झाली नाही. परंतु नॉर्वेने मोठा खर्च करून २०१९ पर्यंत तो बोगदा नव्याने, पाणी शिरणार नाही असा बांधून घेतला. जी जमीन तारण म्हणून धरली होती, तिचेच मूल्यांकन बदलले, असे आपल्या भाषेत म्हणता येईल.

गावाच्या बाबतीतही हेच घडते आहे. तेथली घरे गोठलेल्या जमिनीत रोवलेल्या खांबांवर उभी आहेत. जमीन मऊ पडू लागली की खांब कलतात. १९७० च्या दशकापासून तेथील सरासरी तापमान सुमारे चार अंशांनी वाढले आहे. मार्च १९८६ मध्ये विमानतळावर उणे ४६.३ अंशांची नोंद झाली होती. जुलै २०२० मध्ये त्याच ठिकाणी २१.७ अंश उकाडा होता. १९ डिसेंबर २०१५ च्या सकाळी डोंगरावरून हिमलोट कोसळून अकरा घरे जागची हलली आणि दोघे दगावले, त्यांत एक लहान मूल होते. त्यानंतर डोंगराच्या पायथ्याची शंभराहून अधिक घरे रिकामी करून पाडावी लागली. राहायचे कोठे हा प्रश्न आधीच अवघड असलेल्या गावात!

कुलूप नसलेली दारे

लाँगइयरब्येनहून छोट्या विमानाने अर्ध्या तासाच्या आत न्यू-ओलेसुंद येते. या मार्गावर वर्षानुवर्षे डॉर्नियर २२८ जातीची विमाने उडत आली. तीच विमाने आपल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कानपूरच्या कारखान्यात परवान्याने तयार होतात, हे येथे सहज सांगावेसे वाटते. न्यू-ओलेसुंद हेही मूळचे खाणींचे गाव. नोव्हेंबर १९६२ मध्ये खाणीतील स्फोटात २१ कामगार मृत्युमुखी पडले. त्यावरून उसळलेल्या वादळात पुढच्या वर्षी नॉर्वेचे सरकार कोसळले आणि खाण कायमची बंद झाली. आज तेथे केवळ संशोधक आणि त्यांची व्यवस्था पाहणारे कर्मचारी राहतात: हिवाळ्यात तीस-चाळीस, उन्हाळ्यात शंभरावर. चीनच्या केंद्राच्या दाराशी दगडी सिंहांची जोडी आहे. भारताचे ‘हिमाद्री’ त्या मानाने साधे, आठ जणांच्या निवासाचे. जेवण मात्र सर्वांचे एकाच भोजनगृहात, एकाच पंगतीला.

या गावात दारांना कुलूप लावीत नाहीत. अस्वल आले तर समोर दिसेल त्या दारातून कोणालाही आत शिरता आले पाहिजे. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे ठेवणाऱ्या आपल्या व्यवसायाला हा नियम पचायला जड आहे. परंतु सुरक्षिततेचा हेतू दोन्हीकडे एकच. येथे मोबाइलचे वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागतात, कारण दूरच्या खगोलीय स्रोतांचे क्षीण रेडिओसंकेत टिपून पृथ्वीची अचूक मोजणी करणारी उपकरणे तेथे आहेत. ज्यांचे हात मोबाइलवाचून शिवशिवतात, त्यांना ही शिक्षा वाटावी. रामन संशोधन संस्थेला मात्र अशाच शांततेचे अगत्य होते.

विश्वात पहिले तारे उजळले, त्या काळातील हायड्रोजन वायूचा अतिशय क्षीण संकेत शोधण्याचे काम ही संस्था ‘सारस’ या रेडिओ दुर्बिणीद्वारे करीत आहे. हा संकेत आज ज्या तरंगांवर सापडण्याची शक्यता आहे, त्यांतच आपले एफएम रेडिओही बसलेले आहेत. बंगळूरच्या आकाशात तो ऐकू येणे म्हणजे यशवंतपूरच्या बाजारात कुजबुज ऐकू येणे! म्हणून २०२० मध्ये संस्थेने आपली दुर्बीण चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातील दंडिगानहळ्ळीच्या तळ्यात आणि शरावतीच्या जलाशयात तराफ्यावर तरंगविली. अमेरिकी गटाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या एका संकेताच्या दाव्याला या निरीक्षणांनी २०२२ मध्ये छेद दिला. आणि डिसेंबर २०२३ मध्ये, दुपारीही दिवा लागणाऱ्या त्या रात्रीत, स्वालबार्डचे आकाश या कामासाठी कितपत शांत आहे, याची मोजणी करायला संस्था तेथे पोहोचली. पहिल्या ताऱ्यांच्या त्या काळाला शास्त्रज्ञ ‘विश्वाची पहाट’ म्हणतात. लोकमान्यांनी हे वाचले असते तर त्यांना नक्कीच मौज वाटली असती.

भारताने तेथे घर का ठेवावे, याचे दुसरे उत्तर आपल्या अधिक ओळखीचे आहे. ‘हिमाद्री’समोरच्या कॉंग्सफ्योर्ड या खाडीत जुलै २०१४ पासून ‘इंडार्क’ नावाची भारतीय वेधशाळा पाण्याखाली बुडवून ठेवली जाते. ती पाण्याचे तापमान, क्षारता, प्रवाह यांची वर्षभर नोंद करते. ही खाडी पूर्वी हिवाळ्यात गोठत असे. २००६ पासून बहुतेक हिवाळे ती उघडीच राहते. वास्कोच्या संशोधकांनी नॉर्वेतील सहकाऱ्यांसमवेत २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसते, की आर्क्टिकमधील, विशेषतः कारा समुद्रातील उन्हाळी बर्फ जेव्हा फार घटतो, तेव्हा मध्य भारतात सप्टेंबरात अतिवृष्टी होण्याचा संभव वाढतो. सप्टेंबर म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन काढणीला येण्याचा महिना. पीककर्जाची फाइल हाताळणाऱ्या आपल्या ग्रामीण शाखांतील सहकाऱ्यांना त्या महिन्यातला एकेक पाऊस किती रुपयांचा असतो, ते ठाऊक आहे.

त्या खाडीतून दरवर्षी साखळदंडासह वर काढलेल्या उपकरणांतील नोंदी वास्कोला येतात, तपासल्या जातात, आणि उपकरणे पुन्हा पाण्यात सोडली जातात. माणसे मात्र आपला काळ संपला की परत फिरतात. पुढची तुकडी येते, रायफल चालविण्याचे प्रशिक्षण घेते, बूट दाराशी काढते आणि कामाला लागते.